तुम्ही विचारलेत म्हणून: सहावीच्या पुस्तकापासून जीआरईपर्यंत

दहावीनंतर गणित सुटलेल्या माणसाने जीआरईच्या, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या परीक्षेच्या, गणिताची तयारी कोठून सुरू करावी, असे कला शाखेतून पदवी घेऊन आता परदेशातील विद्यापीठांकडे अर्ज करू पाहणारे अनेक जण मला विचारतात. माझे उत्तर एकच असते: बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकापासून. ऐकणाऱ्याला हे कमीपणाचे वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी स्वतः सुरुवात सराव परीक्षांपासून केली आणि दोन महिने गुण जागचे हलले नाहीत. या परीक्षेत दोन राशी शेजारी शेजारी देऊन पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, असे विचारणारे प्रश्न असतात. ‘क्ष ही शून्यापेक्षा मोठी संख्या असेल, तर क्षचा वर्ग मोठा की क्ष मोठा?’ अशा धर्तीच्या एका प्रश्नात मी 2, 3 आणि 5 घालून पाहिले आणि वर्ग मोठा म्हणून मोकळी झाले. क्ष 1 असेल तर दोन्ही समान होतात आणि 1/2 असेल तर वर्ग 1/4, म्हणजे लहान होतो, हे मनातही आले नाही. ‘संख्या’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे फक्त 1, 2, 3 येत होते. खरे तर नैसर्गिक संख्या, शून्यासह पूर्ण संख्या, ऋण संख्यांसह पूर्णांक संख्या आणि त्यांच्यामधल्या जागा भरणारे अपूर्णांक हे सगळे शाळेत शिकवले होते. मी व्याख्या पाठ केल्या होत्या, पण संख्यारेषेवर बोट ठेवून शून्य आणि एक यांच्या मधली जागा कधी नीट पाहिली नव्हती. पावकी, निमकी म्हणणाऱ्या आमच्या आजीला अर्ध्याचा अर्धा पाव होतो, म्हणजे गुणाकाराने संख्या लहानही होते, हे वेगळे सांगावे लागले नसते.

मग मी सहावी ते आठवीची पुस्तके डाउनलोड करून घेतली (ती मोफत मिळतात) आणि प्रत्येक नियमापुढे ‘का?’ लिहिले. अपूर्णांकाने भागताना उलटवून का गुणायचे? पाऊण लिटर दुधात अर्धपावाची, म्हणजे 1/8 लिटरची, सहा मापे बसतात, हे चित्र काढून पाहिल्यावर तो नियम पुन्हा पाठ करावा लागला नाही. शेकडेवारीचेही तसेच: 100 रुपयांच्या वस्तूची किंमत 20 टक्क्यांनी वाढवून पुन्हा 20 टक्क्यांनी उतरवली तर 96 रुपये उरतात, कारण दुसरे 20 टक्के 120 वरचे असतात.

परीक्षेचा आवाका अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचे विश्लेषण एवढाच आहे. त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र त्यात नाही, आणि पडद्यावर कॅल्क्युलेटरही दिलेला असतो. सप्टेंबर 2023 पासूनच्या स्वरूपात गणिताचे 27 प्रश्न 47 मिनिटांत सोडवायचे असतात, त्यामुळे वेग लागतोच. पण घड्याळ लावायला मी शेवटच्या दीड महिन्यात सुरुवात केली. त्याआधीचे चार महिने एक वही होती, डाव्या पानावर चुकलेले उदाहरण आणि उजव्या पानावर ते का चुकले याचे पूर्ण वाक्य. ‘घाईत चुकले’ असे लिहायचे नाही, एवढे बंधन मी स्वतःला घालून घेतले होते.