गाडी आहे, पण मडगावला आहे

गोव्यात भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात आहे म्हटलं की लोकांना वाटतं मजा आहे बुवा, बीचवर बसायचं, चाव्या द्यायच्या आणि पैसे मोजायचे. माझा अख्खा दिवस खरं तर एकाच प्रश्नाचं उत्तर देण्यात जातो, "गाडी आहे का?" फोनवर, व्हॉट्सॲपवर, काउंटरवर, आणि सगळ्यात जास्त वेळा आमच्याच दुसऱ्या ब्रँचच्या पोरांकडून. एकच दुकान असेल तर दारात डोकावून सांगता येतं हो. आमचं थिवी स्टेशनजवळ एक, पणजीला एक, मडगावला एक आणि मोपा एअरपोर्टला गाडी नेऊन द्यायची सोय, आणि एवढं सगळं असलं की "आहे का" चं उत्तर "आहे, पण मडगावला आहे" असं यायला लागतं, जे थिवीला ट्रेनमधून उतरून बॅगा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सांगून काही उपयोग नसतो.

गाड्या मडगावला का साठतात हे आधी सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल. मुंबई-पुण्याकडची मंडळी ज्यांना कळंगुट, बागा, हणजूण, हरमल करायचंय ती थिवीला उतरतात, तिथून जवळ पडतं. पण परत जाताना बरेच जण मडगावहून ट्रेन धरतात, कारण मडगावला कितीतरी जास्त ट्रेन थांबतात, आणि मांडवी, कोकणकन्या, वंदे भारत सगळ्या तिथूनच सुटतात. शिवाय शेवटचे दोन दिवस साउथ गोवा करून, पाळोळेला एक रात्र काढून तिकडूनच निघायचं हा प्लॅन हल्ली फार फेमस झालाय. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाल्यावर त्यात अजून एक भर पडली, येताना मोपाला उतरतात आणि जाताना दक्षिणेकडच्या जुन्या दाबोळी एअरपोर्टचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दाबोळीहून जातात. म्हणजे उत्तरेत गाडी घ्यायची आणि दक्षिणेत सोडायची. आठवडाभर काही केलं नाही तर थिवीचं अंगण रिकामं आणि मडगावला ॲक्टिवा लावायला जागा नाही.

आणि या गाड्या परत आणायला माणसं लागतात, हे ऑफिसात बसून हिशेब करणाऱ्याला पटकन लक्षात येत नाही. एक स्कूटर मडगावहून थिवीला आणायची तर पन्नासेक किलोमीटर एक पोरगा चालवत येणार आणि मग तो पोरगा परत कसा जाणार? तीन गाड्या आणायच्या तर तीन पोरं लागतात, आणि ती तीन पोरं गेली की काउंटरवर कोण? म्हणून चार-पाचच्या वर असतील तर आम्ही सरळ छोटा टेम्पो करतो, दोऱ्या बांधून. कुठ्ठाळीला झुआरीचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हापासून हे जरा सुसह्य झालंय, आधी जुन्या पुलावर अडकलं की संध्याकाळची गाडी रात्री पोचायची आणि कस्टमर तोपर्यंत टॅक्सी करून गेलेला असायचा.

आता मुख्य मुद्दा. "आहे का" चं उत्तर आत्ता दारात किती गाड्या उभ्या आहेत यावर द्यायचंच नाही. सगळे नवीन पोरगे हेच करतात. समजा शुक्रवारी सकाळी थिवीला ५ ॲक्टिवा उभ्या आहेत. दुपारी १२ ला ४ जाणारेत, संध्याकाळी ३ परत येणारेत, आणि शनिवारी सकाळी कोकणकन्यानं येणाऱ्या ग्रुपच्या ४ बुक आहेत. एकजण येतो आणि म्हणतो शुक्रवारी दुपारी २ पासून रविवारी दुपारी २ पर्यंत एक ॲक्टिवा द्या. दारात तर ५ दिसतायत, दुपारनंतरही एक उरते, संध्याकाळी चार होतात, वाटतं देऊन टाकू. पण शनिवारी सकाळी शिल्लक शून्यावर येते, म्हणजे याला दिली तर ग्रुपमधला एकजण स्टेशनवर उभा. त्याला पाहिजे त्या पूर्ण काळात त्या ब्रँचची शिल्लक सगळ्यात खाली कुठे जाते ते बघायचं, तेवढंच तुमच्याकडे आहे. बाकी दारातल्या गाड्या नुसत्या दिसायला आहेत.

आणि इथेच दुसऱ्या ब्रँचचा खरा उपयोग होतो. "नाही" म्हणायच्या आधी बघायचं की शुक्रवारी रात्रीपर्यंत पणजीहून एक येऊ शकते का, कारण पणजी-थिवी अंतर काहीच नाही, एक पोरगा घरी जाता जाता आणून लावू शकतो. आमच्याकडे गाडी हलवणं हे पण बुकिंगसारखंच टाकतात, पणजीतून बाहेर अमुक वाजता, थिवीत आत तमुक वाजता, मधले दोन तास ती कुणाचीच नाही. हे न लिहिता नुसतं फोनवर "पाठवतो रे" म्हटलं की ती गाडी दोन्हीकडे दिसते किंवा दोन्हीकडे दिसत नाही, आणि दोन्ही तितकंच वाईट.

दुसरं म्हणजे कस्टमरला गाडीचा नंबर आधी सांगायचा नाही. बुकिंग घ्यायचं ते प्रकाराचं, म्हणजे "ॲक्टिवा टाइप, थिवी, अमुक वेळ", आणि कुठली गाडी द्यायची ते त्या दिवशी सकाळी ठरवायचं. आधीच नंबर लावून ठेवला की एक पंक्चर झाली किंवा एकाने उशिरा परत केली की पुढची सगळी साखळी हलते, मग रात्री बसून पत्ते पिसल्यासारखं सगळं परत लावत बसा. अपवाद एकच, ज्याची आपल्याकडे एकच आहे ती गाडी, आमच्याकडची थार तशी आहे, तिला मात्र पहिल्यापासून नाव लावून ठेवावं लागतं.

बदली गाडी द्यायची वेळ आलीच तर ती एकाच दिशेनं चालते हेही शिकून घ्या. ॲक्टिवावाल्याला ॲक्सेस किंवा ज्युपिटर दिली तर तो काही बोलत नाही, उलट खुश होतो. बुलेटवाल्याला ॲक्टिवा देऊन बघा, तो तुम्हाला रिव्ह्यूमध्ये पुरतो. कारमध्ये ऑटोमॅटिक मागितलेल्याला मॅन्युअल देणं म्हणजे बुकिंग कॅन्सलच समजा, बऱ्याच जणांना खरंच चालवता येत नाही. त्यामुळे वरच्या प्रकारातल्या एक-दोन गाड्या मोकळ्या ठेवल्या की खालच्या सगळ्या प्रकाराला आधार मिळतो.

मधला वेळ हा एक वेगळाच वादाचा विषय. कागदावर एकाचं सकाळी १० ला संपतं आणि दुसऱ्याचं १० ला सुरू होतं, कॉम्प्युटरला त्यात काही वावगं दिसत नाही. पण गाडी धुवायची, पेट्रोल बघायचं, चारही बाजूंनी व्हिडिओ काढायचा, ओरखडा असला तर आधीच्याशी हुज्जत घालायची, हे कोण कधी करणार? दुचाकीला अर्धा तास आणि कारला दोन तास आम्ही ठेवतोच, कारण कारच्या मॅटमधली वाळू काढणं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. आणि पावसात सीट वाळायला अजून वेळ.

सगळ्यात धोकादायक फोन कुठला असं मला विचारलं तर मी सांगेन, "दादा, अजून एक दिवस ठेवतो हां गाडी." फार गोड आवाजात येतो हा फोन, शेवटच्या रात्री, बहुतेक पाळोळेहून, आणि मागे गाणी चालू असतात. त्याला वाटतं तो आपल्याला धंदा देतोय. पण ती गाडी उद्या सकाळी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेली असते, वेगळ्या ब्रँचला. म्हणून आमच्याकडे नियम असा की वाढवणं हे नवीन बुकिंग, शिल्लक बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही, आणि फोन उचलणाऱ्या पोराने "बघून सांगतो" एवढंच बोलायचं. जीपीएसचा यात उपयोग किती, तर गाडी कुठे आहे ते कळतं, कधी येणार ते कळत नाही. एकदा तर केरीजवळ ठिपका सरळ नदीत दिसत होता, आमचा नवीन पोरगा घाबरला, बुडवली म्हणाला. तेरेखोलच्या फेरीत होते ते लोक.

आता जरा घरातली गोष्ट सांगतो, कारण सॉफ्टवेअर विकणारे याबद्दल कधीच बोलत नाहीत. ब्रँचचे लोक गाड्या लपवतात. खरंच लपवतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पणजीची शिल्लक आमच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदीच्या शीटवर शून्य, थिवीला लोक वाट बघतायत, आणि मी हेल्मेट न्यायला म्हणून पणजीला गेलो तर बिल्डिंगच्या मागे कव्हर घालून तीन ॲक्टिवा उभ्या. विचारलं तर म्हणे, "दादा, त्या रेग्युलर गिऱ्हाइकाच्या आहेत, येणारेत ते." कोण रेग्युलर, कधी येणार, काही पत्ता नाही. पण त्या पोराला शिव्या देऊन काय उपयोग, त्याचं कमिशन त्याच्या काउंटरच्या गल्ल्यावर होतं, थिवीला गाडी दिली की पैसे थिवीला आणि याच्या हातात धुपाटणं. कुणीही लपवेल, मी असतो तर मीही लपवल्या असत्या. शेवटी मालकांशी भांडून कमिशन वाटून घेतलं, ज्याने गाडी पाठवली त्याला अर्धं आणि ज्याने दिली त्याला अर्धं, आणि त्यानंतर गाड्या आपोआप "सापडायला" लागल्या. त्या सीझनला एकही नवीन गाडी घेतली नव्हती तरी गाड्या वाढल्यासारखं झालं.

त्याच्या जोडीला चावीचा बोर्ड. प्रत्येक काउंटरला लाकडी फळी, हुक, प्रत्येक हुकवर गाडीच्या शेवटच्या चार आकड्यांची पट्टी. चावी हुकवर असली तर गाडी आहे, नसली तर नाही, सर्व्हिसला गेली असेल तर त्या हुकवर लाल बिल्ला. रोज सकाळी दुकान उघडल्यावर आणि रात्री बंद करताना बोर्डाचा फोटो ग्रुपवर. शीट काहीही म्हणो, वाद झाला की फोटो उघडायचा. लोक हसतात या पद्धतीला, पण चावी दोन ठिकाणी असू शकत नाही आणि शीटमधली ओळ असू शकते, म्हणून मी ती सोडणार नाही.

शीटवरून आता एका ओळखीच्या पोराने सिस्टीम करून दिलीय. तो म्हणाला पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये अशी सोय आहे की एकाच गाडीच्या दोन बुकिंगच्या वेळा एकमेकांवर आल्या तर डेटाबेस स्वतःच नोंद घ्यायला नकार देतो, मग दोन काउंटरवरून एकाच सेकंदाला बटण दाबलं तरी एकच जातं. हे मला फार आवडलं. ऑनलाइन कुणी पैसे भरता भरता थांबला तर गाडी पंधरा मिनिटं धरून ठेवायची आणि मग सोडून द्यायची, एवढं त्यात घालून घेतलं, नाहीतर अर्धवट यूपीआयवाले अख्खी संध्याकाळ गाड्या अडवून बसतात.

कागदपत्रांचं पण याच सिस्टीममध्ये टाकायला लावलं. इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस, ज्याची तारीख संपली त्या दिवसापासून ती गाडी शिल्लकेतून बाहेर, मग दारात कितीही चकचकीत उभी असो. भाड्याने द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, दुचाकीला १९९७ ची रेंट अ मोटरसायकल स्कीम आणि कारला १९८९ ची रेंट अ कॅब स्कीम, आणि कारवाल्या स्कीमला लायसनसाठी किमान ५० गाड्या पाहिजेत तर दुचाकीला फक्त ५. म्हणूनच गल्लोगल्ली स्कूटरवाले दिसतात आणि कारमध्ये मात्र पांढऱ्या पाटीच्या प्रायव्हेट गाड्या गुपचूप फिरवणारे भेटतात. सीझनला गाडी कमी पडली की "मित्राची पांढरी देऊ का" असं विचारणारा पोरगा प्रत्येक ब्रँचला एक तरी असतो. नाही द्यायची. पोलिसांनी धरली तर कस्टमरची सुट्टी वाया, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं, गाड्या भरपूर आणि माणूस नाही. तेव्हा निम्म्या गाड्या आम्ही मुद्दाम शिल्लकेतून काढतो, सर्व्हिस, टायर, बॅटरी काढून आत ठेवणे, कारण खारी हवा आणि पाऊस मिळून चेन आणि ब्रेकचं काय करतात ते विचारू नका. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पण ध्यानात ठेवावं लागतं, पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. त्या काळात ट्रेन हळू धावतात, वंदे भारतलासुद्धा दोनेक तास जास्त लागतात, म्हणजे उन्हाळ्यात "दुपारची ट्रेन" म्हणून घेतलेलं पिकअप पावसात संध्याकाळवर जातं आणि मधल्या मोकळ्या तासांत गाडी दुसऱ्याला देता येत नाही. चतुर्थीला तर गाड्या असल्या तरी पोरं नसतात, सगळी आपापल्या गावी, तेव्हा शिल्लक गाड्यांवर नाही तर माणसांवर मोजतो.

राहता राहिलं ते मडगावचं साठणं. टेम्पोचा खर्च बघून बघून शेवटी ड्रॉप चार्जच बदलला. थिवीला घेऊन मडगावला सोडणाऱ्याला चार्ज लागतोच, पण मडगावला घेऊन थिवीला किंवा मोपाला सोडणाऱ्याला माफ, वर एका दिवसाच्या भाड्यात सूट. मालक म्हणाले फुकट कशाला द्यायचं. मी म्हटलं टेम्पोवाला पण पैसे घेतो आणि तो आपल्याला भाडं देत नाही. आता मडगावचा पोरगा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "परत कुठून जाणार तुम्ही?" आणि कोणी मोपा म्हटलं की लगेच ग्रुपवर टाकतो. टेम्पो अजून लागतो, पण बहुतेक सोमवारीच.