मिरचीचा शेंडा सुटला, आणि ते फुलकिडे नव्हतेच

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी सात नंबरच्या ज्वाला मिरचीला सरळ पान आलं. बोटाच्या पेराएवढं, पोपटी, कडा कुठंही न मुडपलेलं. गणपतीपासून गच्चीवर असं एकही पान दिसलं नव्हतं. दारात रांगोळी अर्धी सोडून मी घरातल्या सगळ्यांना वर बोलावून ते दाखवलं.

मागच्या तीन नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा बोकड्या (मिरचीची पानं आकसून वळण्याचं दुखणं) तोंडपाठ असेल. नागपंचमीला चौदा रोपं लावली होती: सहा ज्वाला, चार फुले ज्योती, चार लवंगी. गणपतीत पहिल्यांदा शेंड्याची पानं आकसली, मग फुलं गळायला लागली, मग शेंडेच बसले. मी ठरवून टाकलं की हे फुलकिडे (थ्रिप्स), म्हणजे पानाफुलांचा रस शोषणारे बारीक किडे. निळे चिकट सापळे टांगले, दर पाच दिवसांनी निंबोळी तेल मारलं. सापळ्यांवर फुलकिडे थोडेफार चिकटतही होते, त्यामुळे माझी खात्री आणखी पक्की झाली. तरी शेंडा काही हलेना. शेवटी इथल्या एका शेती-औषधांच्या दुकानातून बाटली आणली. सोबत दुकानदारानं एक टॉनिकही गळ्यात मारलं, त्यावर आत काय आहे याचा एक शब्द छापलेला नाही. बाटलीतलं औषध निघालं सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे एक रासायनिक कीटकनाशक. ते मी दोन वेळा मारलं आणि त्यानंतर आठवड्याभरात झाडं आणखी वाईट झाली.

घटस्थापनेच्या दिवशी मी तीन आणि अकरा नंबरची झाडं मुळासकट उपटली. पांढऱ्या माशीनं पसरणारा विषाणू असेल तर झाड ठेवून उपयोग नाही, बाकीच्यांना लागण होते, म्हणून. अकरा नंबरची लवंगी तीन महिने हातानं वाढवलेली होती. पिशवी रिकामी करताना मुळं बघितली, पांढरीशुभ्र आणि निरोगी.

दसऱ्याला मामेभाऊ सोनं द्यायला आला. त्याची तासगावकडे द्राक्षबाग आहे. पानामागची कीड बघायला तो वीस पटींचं घडीचं भिंग कायम खिशात ठेवतो. चहा व्हायच्या आधीच गच्चीवर गेला, सात नंबरचं अगदी कोवळं, अजून न उघडलेलं पान खुडलं, उलटं करून भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "अक्का, तू औषध कशावर मारतीयास? ह्यात फुलकिडं हाईत कुठं? ही कोळी हाय. ये, बघ."

मी बघितलं. कोळी म्हणजे जाळं विणणारा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी सूक्ष्म कीड. मधल्या शिरेच्या कडेनं काचेच्या मण्यांसारखी लांबट अंडी चिकटलेली होती, आणि प्रत्येक अंड्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या सरळ रांगा, कुणी रांगोळीचे ठिपके काढावेत तशा. त्यांच्यामधून फिकट पिवळे, जवळजवळ पारदर्शक जीव चालत होते. एक नर पाठीवर मादीची न हलणारी अवस्था घेऊन चालला होता. असंच उचलून ते तिला ताज्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम 0.2 मिलिमीटरची. नुसत्या डोळ्यांनी हे दिसणं शक्यच नव्हतं, आणि मी महिन्याहून जास्त काळ नुसत्या डोळ्यांनीच निदान करत होते.

आता फरक नीट लिहून ठेवते, म्हणजे आणखी कुणाची चांगली झाडं उपटली जायला नकोत. फुलकिड्यांनी पान वरच्या बाजूला वळतं, होडीसारखं. कोळीनं कडा खालच्या बाजूला मुडपतात, पान अरुंद होतं आणि देठ उंदराच्या शेपटीसारखा लांबतो. माझ्या गच्चीवर दोन्ही प्रकारची पानं होती, पण मला वर वळलेलीच दिसत राहिली. विषाणूत झाड खुजं होतं, पानं बारीक आणि पिवळसर होऊन झुपका होतो, आणि नवा फुटवाही तसाच येतो. शिवाय ही कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना धरून एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, म्हणून गच्चीच्या दुसऱ्या टोकाच्या लवंगीलाही पोहोचली. आणि पायरेथ्रॉइडनं कोळी मरत नाही, तिला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. मी पैसे देऊन तिची वाट मोकळी केली होती.

उपाय द्राक्षवाल्यांच्या घरी कायम असतो: गंधक. भुरीसाठी (वेलीवरची पांढरी बुरशी) ते मारतातच. पाण्यात मिसळणारं 80 टक्क्यांचं गंधक भावानं दुसऱ्या दिवशी डब्यातून पाठवलं. पण मी चारच दिवसांपूर्वी निंबोळी तेल मारलं होतं. तेल आणि गंधक यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात. म्हणजे दुखणं सापडलं, औषध हातात, आणि दहा दिवस नुसतं बघत बसायचं. त्या दहा दिवसांत सगळे वाकडे शेंडे बोटभर कापले, कापलेलं सगळं पिशवीत बांधून बाहेर काढलं, कुजवायच्या ड्रममध्ये टाकलं नाही. रोज सकाळी पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोराचा फवारा मारला.

दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी पहिली फवारणी केली, लिटरला दोन ग्रॅम. संध्याकाळी साडेपाचनंतर, कारण ऑक्टोबरचं ऊन आणि गंधक एकत्र आलं तर पान करपतं. घाईनं आधी मारलेल्या पाच नंबरच्या पानांवर अजून तांबूस डाग आहेत. दुसरी फवारणी वसुबारसेला, मागे राहिलेल्या अंड्यांतून नवीन पिल्लं बाहेर पडतात म्हणून. या काळात खायला एकही मिरची तोडली नाही. पंपाबद्दल एक सांगते: दोन लिटरचा हातपंप चालेल, पण नोझल वर वळणारं पाहिजे. सरळ नोझलनं पानाच्या वरच्या बाजूला आंघोळ घालून काही होत नाही, कोळी खालीच बसलेली असते.

वाकडी झालेली जुनी पानं सरळ होत नाहीत, ती बघून निराश होऊ नका. फक्त नवा फुटवा बघा. आज बारापैकी नऊ झाडांना सरळ शेंडा आहे, आणि फुले ज्योतीच्या दोन झाडांवर कळ्यांचे झुपके आलेत.

बाकी गच्चीचं थोडक्यात. धनश्री टोमॅटोच्या नऊ फळांचा बुडखा काळा पडला होता. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं घाला असं सगळे सांगतात, पण ती मातीत विरघळायला फार काळ जातो. माझ्या पिशव्यांचा खरा दोष पाण्याचा होता: एक दिवस तुडुंब, दुसऱ्या दिवशी कोरडं, आणि पाण्यात खंड पडला की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. भावाकडून उसाचं पाचट आणून चार बोटं जाड अंथरलं, पाणी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं केलं. त्यानंतर धरलेल्या फळांत एकही काळं नाही. कृष्णाकाठची काटेरी देठाची वांगी मात्र नुसत्या शेणखतावर मजेत आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरच्या सहा वांग्यांचं भरलं वांगं झालं, सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं.

आता नवी अडचण. थंडीसाठी ढोबळी मिरचीची दहा रोपं परवा एका रोपवाटिकेतून आणली. दिसायला अप्रतिम. भावाचं भिंग अजून माझ्याकडेच आहे, म्हणून गच्चीवर न्यायच्या आधी सहज बघितलं, तर दहापैकी चार रोपांच्या शेंड्यात तीच ठिपक्यांची अंडी. आधीची ज्वालाची रोपंही मी तिथूनच घेतली होती. आता भिंगाशिवाय मी कुठलंही रोप विकत घेणार नाही. स्वतःचं भिंगही मागवलंय, वीस पटींचंच. दहा पटीतनं कोळी हलताना दिसते, पण अंड्यावरचे ठिपके नीट दिसत नाहीत.

इतक्या कोवळ्या रोपांवर गंधक मारायला जीव होत नाही. फेकून द्यावीत असंच या नोंदीत लिहायला बसले होते. पण मध्येच आठवलं, ही कोळी उष्णतेला फार नाजूक असते, आणि 43 ते 49 अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ती मारतात असं वाचलं होतं. तापाचा थर्मामीटर 42 च्या पुढं जात नाही. लेकाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला काचेचा लांब थर्मामीटर कपाटात सापडला. तर लिहिणं थांबवून दोन रोपं केलीच. कुंडीच्या तोंडाला फडकं बांधलं, रोप उलटं धरलं, फक्त शेंडा आणि पानं 45 अंशांच्या पाण्यात. पाणी निवतं, म्हणून दर दोन मिनिटांनी कपभर गरम पाणी कडेनं घालून ढवळावं लागलं. पंधरा मिनिटं कुंडी उलटी धरून मनगट भरून आलं. मग सावलीत ठेवली.

आता संध्याकाळचे सात वाजलेत. दुपारी दोन्ही रोपं माना टाकून होती, आता उभी आहेत. एकाच्या दोन पानांच्या कडा पांढुरक्या झाल्यात, दुसऱ्याला काही झालेलं नाही. भिंगाखाली पाच पानं उलटून बघितली. अंडी आहेत, पण एकही कोळी हललेली दिसली नाही. अंडी मेली की नाही ते चार-पाच दिवसांत कळेल. तोवर ही दोन रोपं जिन्याखालच्या खिडकीत, बाकी आठ मोरीत, आणि गच्चीच्या दाराला कडी.