तुम्ही विचारलंत म्हणून: पोरक्या मुलांच्या गोष्टी

"मावशी, इतकं रडवणारं मुलांना कशाला वाचून दाखवता?"

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी मुलं मराठी पुस्तकं वाचायला येतात. त्यांना न्यायला आलेलं कुणीतरी चपला घालता घालता हे विचारतंच. पुस्तकातल्या मुलाचे आईवडील वारलेले असले आणि शेवटपर्यंत त्याचं फारसं भलं झालं नसलं, की हमखास. उंबऱ्यात उभ्यानं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

१० वर्षांच्या पुढच्या मुलांना अशा गोष्टी जरूर द्याव्यात. आणि वाचताना मधलं काही गाळू नये. हे दुसरं मी चुकून शिकले.

कोरोनानंतर वाचन पुन्हा सुरू झालं तेव्हा एक मुलगी येऊ लागली. तिचे बाबा २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. आम्ही काकाकडे वाढणाऱ्या एका मुलाची गोष्ट वाचत होतो. त्यात एका पानावर काकू पोळ्या मोजून डब्यात ठेवते आणि तो मुलगा भूक असूनही "पोट भरलं" म्हणतो. मी त्या मुलीकडे पाहिलं आणि पान उलटलं. जाताना तिनं पुस्तक घरी नेलं. पुढच्या शनिवारी परत देताना हळूच म्हणाली, "तुम्ही पोळ्यांचं पान सोडलंत. मला तेच सगळ्यात आवडलं." ती आणि तिची आई मामाकडे राहायला गेल्यात, हे मला माहीत होतं. पोळ्यांचं मात्र सुचलं नव्हतं.

आपण मोठी माणसं सरसकट "बिचारं पोरकं पोर" म्हणून मोकळे होतो. मुलं तसं करत नाहीत. आमची मुलं शाळेत गुजराती बोलतात, आणि गुजरातीत आई नसलेला नमायो, बाप नसलेला नबापो. गोष्ट सुरू झाली की पहिला प्रश्न तोच येतो, दोघांतलं कोण गेलं? मग प्रगतिपुस्तकावर सही कोण करणार, आजारी पडला तर रात्री उशाशी कोण बसणार. बालगृहात कायद्यानं साधारण १८ वर्षांपर्यंतच राहता येतं, हे एका पुस्तकात आलं, तेव्हा "मग वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तो कुठे जातो?" यावरून वाचन थांबलंच. बालगृहातल्या कित्येक मुलांची आई जिवंत असते, तिला सांभाळणं झेपत नसतं, हे ऐकून तर सगळी गप्प झाली. अशा गप्प बसण्याची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती शेवटच्या पानावर श्रीमंत आजोबा उगवणाऱ्या गोष्टींची. ज्याचे आजोबा येणार नाहीत, त्या पोरानं त्या पुस्तकाचं काय करायचं?

लहानग्यांना मात्र नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला आई मेल्याचं प्रकरण देऊन एकट्याला झोपायला पाठवू नका. मोठ्यांच्या बाबतीतही असं प्रकरण मी निघायच्या वेळेला संपवत नाही. नंतर बोलायला अर्धा तास हवा.

आणि खरं सांगू का, आपल्या बडोद्याची सगळ्यात लाडकी गोष्टही याच जातकुळीतली आहे. कवळाणे गावचा गोपाळ १८७५ साली १२ वर्षांचा असताना बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला आणि महाराजा सयाजीराव झाला. "कशाला आलास?" या प्रश्नाला "राज्य करायला" हे त्याचं उत्तर इथल्या प्रत्येक मराठी घरात कौतुकानं सांगतात. मीही सांगितलं. तर एका मुलानं विचारलं, "त्याची आई मेली होती का?" म्हटलं, नाही रे, गावी होती. तो म्हणाला, "मग त्या दिवशी ती काय म्हणाली?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आले, पण त्याच्या आईकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्या शनिवारी मुलांनी कवळाण्याच्या त्या घरातली पहिली रात्र लिहिली. एकानं दोनच ओळी लिहिल्या: आईनं सवयीनं त्याचंही ताट वाढलं. मग उचलून ठेवलं.