‘कॅप्टन म्हणजे पर्यवेक्षक’ या एका हरकतीत अडकलेला आमचा पगाराचा वाद

मालवाहू विमान कंपनीतील वैमानिकांना व्यवस्थापनाविरुद्ध कायद्याच्या मार्गाने दाद मागायची असेल, तर पगारपत्रके आणि थकबाकीचे तक्ते जुळवण्याआधी त्यांनी एका प्रश्नाचे उत्तर लेखी तयार ठेवावे : वैमानिक हा कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे की नाही? आमच्या प्रकरणाचे घोडे तिथेच अडले आणि इतके दिवस अडून राहिले की, पैसे हातात पडल्यानंतरही तो विषय निघाला की माझा संताप होतो.

मूळ वाद अगदी साधा होता. नियुक्तिपत्रानुसार दर महिन्याला ठरावीक उड्डाणतासांच्या वेतनाची हमी होती. रोस्टरमध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, उड्डाणे कमी आली तरी तेवढे वेतन मिळायचे. एका संध्याकाळी आलेल्या ईमेलने हे हमीचे तास कमी केले आणि त्याच महिन्यापासून पगार घटला. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे वेतन किंवा भत्त्यांत कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा असेल, तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. तशी कोणतीही नोटीस आम्हाला मिळालेली नव्हती.

तरुण सहकाऱ्यांचा आग्रह होता की, एका रात्री सर्वांनी मिळून आजारी असल्याचे कळवावे, म्हणजे मुंबई-दिल्ली आणि मुंबई-बंगळूरची पार्सले धावपट्टीवरच राहतील आणि व्यवस्थापन ताळ्यावर येईल. आम्ही ज्येष्ठांनी त्याला ठाम विरोध केला. हवाई मार्गाने होणारी वाहतूक, मग ती प्रवाशांची असो वा मालाची, त्या कायद्यात लोकोपयोगी सेवा मानलेली होती, आणि अशा सेवेत किमान १४ दिवस आधी नोटीस दिल्याशिवाय केलेला संप बेकायदा ठरत असे. उलट रीतसर नोटीस दिली की समेट अधिकाऱ्याला, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कार्यवाही सुरू करावीच लागत असे. आम्ही नोटीस दिली आणि कार्यवाही सुरू झाली. पगाराचा वाद एकट्यादुकट्याला औद्योगिक विवाद म्हणून उभा करता येत नाही, त्यामागे संघटना किंवा कामगारांचा पुरेसा मोठा गट असावा लागतो. म्हणून सह्या गोळा केल्या आणि आमच्यापैकी दोघांना प्रतिनिधी म्हणून नेमणारे नमुना ‘एफ’मधील अधिकारपत्र जोडले. इथवर सारे सुरळीत पार पडले.

पहिल्याच बैठकीत कंपनीने लेखी हरकत घेतली की, विमानाचा कॅप्टन हा पर्यवेक्षक आहे, तो कामगार नाही, म्हणून हा औद्योगिक विवादच नाही. हरकतीचा आधार होता विमान नियम, १९३७ मधील नियम १४१. त्यात विमानाचा प्रमुख वैमानिक इतर कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवील आणि त्यांना निर्देश देईल, असे म्हटले आहे. सोबत एक जाडजूड फाइल होती. तीत आमच्याच सह्यांची लोडशीट आणि धोकादायक मालाची माहिती देणारी ‘नोटॉक’ पत्रके लावलेली होती. कंपनीचे म्हणणे असे की, ज्या अर्थी कॅप्टन माल चढवल्याच्या कागदावर सही करतो, त्या अर्थी तो माल चढवणाऱ्यांवर देखरेख करतो.

ज्याने रात्री दोन वाजता, दिवे लागलेल्या कार्गो बेवर, लोडमास्टरकडून तो कागद हातात घेतला आहे, त्याला हा युक्तिवाद किती पोकळ आहे हे सांगावे लागत नाही. लोडशीटवर इंधनाविना विमानाचे वजन असते, उड्डाणाच्या वेळचे वजन असते आणि गुरुत्वमध्य मर्यादेत आहे की नाही हे दाखवणारा आकडा असतो. कॅप्टन ते आकडे तपासतो आणि सही करतो, कारण ते चुकले तर विमान धावपट्टी सोडताना हाताबाहेर जाऊ शकते. माल चढवणारी मुले ग्राउंड हँडलिंग एजन्सीची. त्यांची हजेरी, पगार, रजा, शिक्षा यांपैकी कशाशीही आमचा संबंध नाही. इतकेच काय, शेजारी बसलेल्या को-पायलटची एका दिवसाची रजा मंजूर करण्याचा अधिकारही कॅप्टनला नाही.

तरीही ही हरकत महिनोन्महिने चालली. समेट अधिकाऱ्याला अशा प्रश्नावर न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नसतो आणि लेखी आलेली हरकत त्याला बाजूलाही सारता येत नाही. त्यामुळे आमचे उत्तर, त्यावर कंपनीचे प्रत्युत्तर, त्याला जोडलेली आणखी कागदपत्रे, ती वाचायला मुदत, असे भिजत घोंगडे पडून राहिले. काही तारखांना कंपनीचा प्रतिनिधीच आला नाही. आम्ही रात्रपाळीचे उड्डाण संपवून, गणवेश बदलून, न झोपता समेट अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन बसायचो, आणि समोरची खुर्ची रिकामी असायची. आला की त्याचे एकच वाक्य ठरलेले असे : एवढा पगार घेणारा माणूस कामगार कसा?

हे वाक्य ऐकून आमच्यातलेही काहीजण ओशाळत, आणि मला सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आहे. कायद्याने कामगाराची व्याख्या पगारावरून केलेली नाही, कामाच्या स्वरूपावरून केली आहे. कुशल, तांत्रिक किंवा कार्यचालनाचे (ऑपरेशनल) काम करणाऱ्याला पगाराची कोणतीही कमाल मर्यादा नाही. मर्यादा आहे ती केवळ पर्यवेक्षकीय काम करणाऱ्याला, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दरमहा १०,००० रुपये होती. म्हणूनच कंपनीचा सारा आटापिटा कॅप्टनला पर्यवेक्षक ठरवण्यासाठी होता. एकदा तो शिक्का बसला की पगाराची मर्यादा आपोआप आड येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, पदनाम निर्णायक नसून मुख्य काम कोणते हे पाहायचे असते. त्या प्रकरणात दुकानाचा व्यवस्थापक हरला होता, म्हणून कंपनीने तोच निकाल आमच्यावर रोखला. आम्ही त्यातलेच तत्त्व उचलले आणि आमचे मुख्य काम विमान उडवणे हेच आहे, हे उड्डाणनोंदींवरून दाखवले.

उत्तर लिहिताना आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती कॅप्टन काय करू शकत नाही याची यादी : नेमणूक, रजा, रोस्टर, मूल्यमापन अहवाल, शिस्तभंगाची कारवाई. प्रत्येक बाबीसमोर ती प्रत्यक्षात कोण करते याचा एक कागद लावला. नियम १४१ मधील देखरेख ही उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी आहे, मनुष्यबळाचे व्यवस्थापन नव्हे, हे एका परिच्छेदात मांडले. हे उत्तर पहिल्या बैठकीलाच सोबत न्यावे, हरकत येण्याची वाट पाहू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

दुसरी गोष्ट, या चालढकलीत कंपनीचा थेट फायदा असतो. समेटाची कार्यवाही चालू असेपर्यंत आणि ती संपल्यावर आणखी सात दिवस संप करता येत नव्हता. कायद्यात समेटासाठी १४ दिवसांची मुदत होती खरी, पण ती उलटली म्हणून कार्यवाही आपोआप संपत नसे, आणि सर्व पक्षांनी लेखी संमती दिली की मुदत वाढवताही येई. आम्ही एका टप्प्यावर अशी संमती देणे ठामपणे नाकारले आणि समेट अयशस्वी झाल्याचा अहवाल सरकारकडे पाठवावा, अशी लेखी मागणी केली. तो दिवाळीपूर्वीचा, मालवाहतुकीच्या गर्दीचा काळ होता. ‘कामगार आहे की नाही’ हा प्रश्न आता सरकारमार्फत औद्योगिक न्यायाधिकरणापुढे जाऊ शकतो, आणि दरम्यान संपाचा मार्गही मोकळा होतो, हे दिसताच कंपनी पैशांवर बोलू लागली. त्या दिवशी बाहेर आल्यावर आम्हा सर्वांना जो अभिमान वाटला, तो मला लपवावासा वाटत नाही.

बैठकीत दोन्ही बाजूंच्या वकिलांना मनाई असते, हे आधीच सांगायला हवे होते. कंपनीच्या बाजूने ‘सल्लागार’ म्हणून कोणी आले, तर ते वकिली करतात का हे विचारून उत्तर कार्यवृत्तात नोंदवून घ्यावे. कार्यवृत्ताची प्रत त्याच दिवशी मागावी. उड्डाणतासांसाठी कंपनीच्या तक्त्यांवर विसंबू नये. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ई-जीसीए प्रणालीवरील आपल्या लॉगबुकच्या नोंदी काढून न्याव्यात.

करारात हमीचे तास पूर्ववत झाले आणि थकबाकी हप्त्यांनी मिळाली. रात्रीच्या मुक्कामाचा वाढीव भत्ता मात्र सोडावा लागला. कंपनीला हा करार खासगीरीत्या, कार्यालयाबाहेर करायचा होता. तसे कदापि करू नये. खासगी करार केवळ सही करणाऱ्यांना बांधतो, तर समेटात, नमुना ‘एच’मध्ये झालेला करार आस्थापनेतील सर्व कामगारांना, नंतर रुजू होणाऱ्यांनाही, लागू होतो. आमच्यानंतर आलेल्या को-पायलटांना ती हमी मिळाली, ती यामुळेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पर्यवेक्षकांची वेतनमर्यादा आता १८,००० रुपये आहे, तांत्रिक आणि कार्यचालनाच्या कामाला मर्यादा अजूनही नाही, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजाही संपात मोडते. समेट फसल्यास सरकार वाद न्यायाधिकरणाकडे कधी सोपवते याची वाट न पाहता ९० दिवसांच्या आत थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही सोय आम्हाला मिळाली असती, तर कंपनीच्या त्या हरकतीने आमचा इतका काळ खाल्ला नसता.