वार्ताफलकावरचा टँकर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या गेल्या, तेव्हाच आमच्या चित्रकलेच्या सरांविषयी लिहायचे मी ठरवले. त्यांची निसर्गचित्रे सर्वांना आठवतात; मात्र त्यांच्या राजकीय व्यंगचित्रांचा उल्लेख स्मरणिकेत नको, त्यांनी उगाच लोकांना दुखावले, असे काही माजी विद्यार्थ्यांचे मत असल्याचे कळले आणि मला फार वाईट वाटले.

१९८७ च्या दुष्काळात मी नववीत होतो. गावातल्या विहिरी आटल्या होत्या आणि पाण्याच्या रांगेत उभे राहण्यापायी आमचे पहिले दोन तास अनेकदा बुडत. सरांनी तेव्हा वार्ताफलकावर एक चित्र लावले : कोरडा टँकर, त्यावर टँकरहून मोठी पुढाऱ्याची तसबीर आणि खाली रिकाम्या घागरींची रांग. दुसऱ्याच दिवशी चार-पाच पालक मुख्याध्यापकांकडे आले. मास्तरांनी चित्रकला शिकवावी, राजकारणात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मुख्याध्यापकांनी चित्र उतरवले नाही; त्यांनी शेजारी एक कोरा कागद लावला आणि ज्याची हरकत असेल त्याने ती सहीनिशी लिहावी, असे सांगितले. एका पालकांनी लिहिले की त्या आठवड्यात टँकर दोनदा आला होता. सरांनी चौकशी केली आणि चित्राखाली स्वतःच्या हस्ताक्षरात ‘टँकर दोनदा आला, हे खरे’ अशी ओळ घातली. तसबिरीचा आकार मात्र त्यांनी कमी केला नाही.

व्यंगचित्रकाराने हसवावे, बाजू घेऊ नये, हा आक्षेप मी तेव्हापासून ऐकत आलो आहे आणि तो मला कधीच पटला नाही. सरांच्या चिकटवहीत व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचे आणीबाणीतले चित्र होते : न्हाणीच्या टबात बसूनच वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती. त्यात मत नसते, तर काय उरले असते? १९४८ साली व्यंगचित्रकार शंकर यांचे ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्र-साप्ताहिक सुरू झाले, तेव्हा खुद्द नेहरूंनी आपल्यालाही सोडू नका, असे शंकर यांना सांगितले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल हत्या झाली. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झाल्यावर सर आम्हाला त्यांच्याविषयी सांगत. स्पष्ट मताची किंमत काय असते, हे निजामाच्या राजवटीतून आलेल्या मराठवाड्याला परक्याने समजावण्याची गरज नाही.

व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा त्यांची चित्रे मला स्वतःला आवडली नव्हती. ती भडक वाटली होती. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१५ च्या निकालात त्या चित्रांत विनोद वा उपरोध नसल्याचे नोंदवले, पण तेवढ्यामुळे भ्रष्टाचारावरचा संताप व्यक्त करण्याचे त्यांचे स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असे म्हटले. चित्र आवडणे आणि ते काढण्याचा हक्क मानणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या अटकेच्या पंचवीस वर्षे आधीच शाळेच्या व्हरांड्यात पाहिले होते.

ते चित्र सरांनी निवृत्तीच्या वेळी मला दिले. त्याची प्रत मी संपादक मंडळाकडे सोपवली आहे. सरांनी खाली लिहिलेल्या ओळीसह ते छापावे आणि ज्यांची आजही हरकत असेल, त्यांना शेजारच्या पानावर सहीनिशी जागा द्यावी, अशी माझी विनंती आहे.