आईचे फुप्फुस, आईचे स्नायू आणि एका रकान्यात अडकलेले सात आठवडे

रुग्णालयातील आहारतज्ज्ञांची वेळ हवी असेल, तर खिडकीवर एक अर्ज भरून द्यावा लागे. त्यावर नाव, वय, आजार, उंची, वजन आणि शेवटी ‘बीएमआय’ (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) असे रकाने होते. श्वसनविकाराच्या रुग्णाचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तरच तो अर्ज पुढे जाई. माझ्या आईचा बीएमआय २२.५ भरला आणि त्या आकड्यापायी आमचे सात आठवडे गेले. या गोष्टीला आता आठ महिने झाले आहेत, तरी ती खिडकी आठवली की माझा संताप होतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आई ६८ वर्षांची आहे. तिने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गावी चाळीस वर्षे तिने गोवऱ्या आणि तुराट्यांच्या चुलीपुढे स्वयंपाक केला, आणि तिचा ‘दमा’ हा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असल्याचे पुण्यात स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी) केल्यावर कळले. निदान, श्वासावाटे औषध घेण्याचा पंप, लसी हे सगळे सुरळीत पार पडले.

वर्षभरानंतर मात्र तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. जमिनीवर मांडी घालून बसलेली आई उठताना भिंत धरू लागली. वजनाचा काटा ५२ किलोच दाखवत होता, त्यामुळे घरात कोणालाच काळजी वाटली नाही. छातीच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितले. ती तिसऱ्या वेळेस थांबली, आणि डॉक्टरांनी तेव्हाच केसपेपरवर आहारतज्ज्ञांकडे जाण्याची सूचना लिहिली.

त्यांनी समजावून सांगितले ते मला आमच्या जुन्या वाड्यातील पेवामुळे, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यामुळे, चटकन उमगले. प्रथिने ज्या घटकांपासून बनतात त्या अमिनो आम्लांचे शरीरातील पेव म्हणजे स्नायू. सीओपीडीत शरीरात सतत दाह असतो, श्वास घेण्यालाच जास्त शक्ती लागते, फुगलेली फुप्फुसे छाती आणि पोटामधला पडदा खाली दाबतात आणि चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. आजार बळावला की स्टेरॉइड द्यावे लागते आणि त्यानेही स्नायू झिजतात. खर्च वाढतो आणि आवक घटते, तेव्हा शरीर पेव उपसू लागते. वातस्फीती (सीओपीडीचा फुप्फुसांतील वायुकोश नष्ट होणारा प्रकार) असलेल्या रुग्णांच्या रक्तात ल्युसीनसारखी शाखायुक्त अमिनो आम्ले कमी आढळली आहेत, आणि स्नायूंतील ग्लुटामेटही कमी आढळले आहे. ल्युसीन हे स्नायूंना नवी प्रथिने बांधण्याचा इशारा देणारे अमिनो आम्ल आहे. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन या तिघांपासून ग्लुटाथायोन बनते, जे धुरासारख्या गोष्टींनी होणाऱ्या इजेपासून फुप्फुसांचे रक्षण करते. पेव रिकामे झाले तरी वरची जमीन सपाटच दिसते, आणि बीएमआय ती वरची जमीन मोजतो.

हे ऐकून मी लगेच खिडकीवर गेले. तेथील बाईंनी कॅल्क्युलेटरवर उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ५२ किलो टाकून २२.५ हा आकडा लिहिला आणि अर्ज परत केला. “ताई, तुमच्या आईचं वजन उत्तम आहे. ज्यांना खरी गरज आहे, त्यांनाच आम्ही वेळ देतो,” त्या म्हणाल्या. मी डॉक्टरांची सूचना दाखवली. त्यांनी ती वाचली, पण अर्जात कारण लिहायला रकाना नव्हता. दुसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा सांगण्यात आले की, संदर्भ चिठ्ठी छापील नमुन्यावर हवी, केसपेपरवरील सूचना चालत नाही. छापील नमुना श्वसन विभागात मिळतो असे कळले. श्वसन विभागात तो संपलेला होता. तिसऱ्या खेपेला नमुना मिळाला, त्यावर डॉक्टरांची सही झाली, शिक्का बसला, आणि खिडकीवर पुन्हा तोच बीएमआयचा रकाना समोर आला. त्या दिवशी आईला बरोबर नेले होते. दीड तास बाकावर बसून ती दमून गेली आणि परतताना रिक्षात म्हणाली, “राहू दे गं, मला काय झालंय.” त्या वाक्याने मला जितका त्रास झाला तितका कोणत्याही नकाराने झाला नाही, कारण तिला काय झाले आहे हे फक्त तो अर्ज नाकारत होता.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यांत मी रांगेत बसून मोबाइलवर वाचत राहिले. कोपनहेगनमध्ये सुमारे १,९०० सीओपीडी रुग्णांचा अभ्यास झाला होता आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बीएमआय सामान्य असलेल्या रुग्णांपैकी २६ टक्के लोकांचे चरबीविरहित वजन अतिशय कमी निघाले, आणि बीएमआय ठीक असूनही अशा रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका जास्त होता. मी ते पान छापून खिडकीवर नेले. बाईंनी ते शांतपणे परत दिले आणि वर विचारावे लागेल असे सांगितले. वर म्हणजे कोणाला, हे मला शेवटपर्यंत समजले नाही. त्या बाई वाईट नव्हत्या, हे मला आज मान्य आहे. त्यांच्या हाती दिलेला अर्जच चुकीचा होता. पण सहाव्या आठवड्यात आईचा खोकला बळावला, पाच दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावे लागले, आणि आठवडाभर अंथरुणावर राहिल्यावर तिला न्हाणीघरापर्यंतही आधार लागू लागला. तिचे पेव आधीच उपसले गेले होते, आणि ज्या दिवसांत ते भरायला हवे होते त्या दिवसांत आम्ही रांगेत होतो.

वाट अखेर फिजिओथेरपीच्या खोलीतून निघाली. श्वसन पुनर्वसनाचे व्यायाम सुरू करण्यापूर्वी तेथील तरुण मुलीने आईची पोटरी फितीने मोजली, ती २९ सेंटिमीटर भरली. हाताची पकड यंत्रावर ११ किलो आली. आशियाई स्त्रियांसाठी पोटरी ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी आणि पकड १८ किलोपेक्षा कमी असेल तर स्नायुक्षयाची शंका घ्यावी, असा २०१९ चा निकष आहे. तिने शरीररचना मोजणाऱ्या यंत्रावरही आईला उभे केले. ५२ पैकी चरबीविरहित वजन केवळ ३२ किलो निघाले, म्हणजे उंचीच्या वर्गाने भागल्यास १३.९, स्त्रियांमध्ये हा आकडा १५ च्या खाली असणे धोक्याचे मानतात. आईच्या घोट्यांना तेव्हा थोडी सूज होती, आणि सुजेचे पाणी हे यंत्र चरबीविरहित वजनात धरते, त्यामुळे खरा आकडा याहूनही कमी असणार. हे तिन्ही आकडे डॉक्टरांनी चिठ्ठीवर ठळक लिहिले, खाली ‘स्नायुक्षय, तातडीने’ असे लिहिले, आणि स्वतः फोन केला. दुसऱ्याच दिवशी वेळ मिळाली. मला आनंद झाला, पण त्या आनंदात सात आठवड्यांचा राग मिसळलेला होता.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, शिंप्याची फीत घेऊन घरीच पोटरी मोजा, तारखेसह लिहून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना वजनाऐवजी तो आकडा आधी सांगा.

आहारतज्ज्ञांची भेट अर्ध्या तासात झाली. आई माळकरी आहे, अंडीही खात नाही. रोज साधारण ३५ ग्रॅम प्रथिने तिच्या पोटात जात होती आणि तिला किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६२ ग्रॅम हवी होती. ज्वारीत ल्युसीन चांगले असते, पण लायसीन कमी पडते. डाळींमध्ये लायसीन असते, पण मेथिओनिन कमी. म्हणून भाकरीबरोबर दाट वरण किंवा पिठले हवेच, पातळ आमटीने भागणार नाही. दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि सोयाबीनच्या वड्या यांची भर पडली. पोट लवकर भरते म्हणून पाच लहान जेवणे ठरली आणि पंप घेतल्यावर थोड्या वेळाने खायचे ठरले.

ही सगळी वाढ करण्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची, तपासणी झाली पाहिजे, हे मी वर लिहायला हवे होते. मूत्रपिंड अशक्त असेल तर ६२ ग्रॅमचा हिशेब बदलतो.

मधल्या काळात शेजारच्या मुलाने व्यायामशाळेत मिळणारी शाखायुक्त अमिनो आम्लांची पावडर आणून दिली होती. ती वापरू नका. स्नायू बांधायला नऊही अत्यावश्यक अमिनो आम्ले लागतात आणि त्या डब्यात तीनच असतात. पूर्ण प्रथिनांची पावडर, तीही सांगितली असेल तरच, आणि व्यायामाच्या जोडीने घ्यावी, कारण स्नायूला काम दिले नाही तर खाल्लेल्या प्रथिनांचा पुरेसा उपयोग होत नाही.

आईला एन-ॲसिटिलसिस्टीनच्या विरघळणाऱ्या गोळ्याही चालू आहेत. त्यांना सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण सिस्टीनमध्ये गंधक असते. ते अमिनो आम्लापासूनच बनलेले असल्याने वेगळ्या आहाराची गरज काय, असे मलाही आधी वाटले होते. पण त्या गोळ्या कफ पातळ करण्यासाठी आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील तीन वर्षांच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅमने फुप्फुसांच्या क्षमतेची घसरण मंदावली नाही; २०१४ च्या चीनमधील चाचणीत दुप्पट मात्रेने आजार बळावण्याच्या वेळा कमी झाल्या. दिवसाचे सव्वा ग्रॅम औषध ६२ ग्रॅम प्रथिनांची जागा घेऊ शकत नाही.

पावडरचे बिल विम्यातून मिळेल या भरवशावर राहू नका. रुग्णालयात दाखल असताना उपचाराचा भाग म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर पूरक आहार विम्याच्या बाहेर ठेवलेला असतो. त्यामुळे दाखल असतानाच ते लिहून घ्या.

गेल्या महिन्यात आईची पकड १४.५ किलो आणि पोटरी ३०.५ सेंटिमीटर भरली. ती अजून निकषाखालीच आहे, पण न्हाणीघरापर्यंत एकटी जाते. त्या अर्जात पोटरीचा आणि पकडीचा रकाना घालावा, असे पत्र मी रुग्णालयाला दिले आहे. पोच मिळाली आहे; रकाना अजून आलेला नाही, आणि पुढच्या तपासणीला गेले की मी पुन्हा विचारणार आहे.