टोमॅटोची नोंद: दोन झाडांची पानं वळली, कारणं मात्र वेगळी

सोमवार
दोन कुंड्यांमधली पानं वळायला लागलीत. फवारणीला अजून हात घातलेला नाही. पानं वळली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. वळलेली पानं खालची जुनी आहेत की शेंड्याची कोवळी, हे आधी पाहायचं.

पहिल्या झाडाच्या खालच्या पानांची सुरळी झाली आहे. हाताला जाड, कडक लागतात, पण रंग हिरवागार आणि शेंडा जोमात. या झाडाची बगलफूट (पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब) नुकतीच बरीच काढली होती, पाठोपाठ कडक ऊन पडलं. जास्त छाटणी, उष्णता, पाण्याचा अनियमितपणा यांनी पानं अशी मिटतात. हा रोग नाही. आच्छादन घातलं, पाण्याची वेळ बांधून घेतली, बस्स.

दुसऱ्या झाडानं मात्र काळजी लावली आहे. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळलेली, लहान, कडा आणि शिरांमधला भाग पिवळट. पेरं आखूड, त्यामुळे शेंड्याला नुसता झुपका. फुलं गळताहेत. संशय पर्णगुच्छाचा, म्हणजे लीफ कर्ल विषाणूचा.

मंगळवार
१० पटीच्या भिंगानं पानांची खालची बाजू तपासली. पिवळा कोळी या बारीक किडीनंही शेंडा आकसतो, पण तेव्हा पानांच्या कडा बहुधा खाली वळतात आणि खालून तपकिरी तकाकी येते. ती नव्हती. फुलकिड्यांचे चंदेरी चट्टेही नव्हते. तणनाशक लागलं असतं तर पानं अरुंद, पिळवटलेली झाली असती. (शेणखतातूनही तणनाशक येऊ शकतं, हे लक्षात असू द्या.) सापडली ती पांढरी माशी. फांदी हलवली की भुर्रकन उडते, आणि पानाला तिची चपटी, फिकट पिल्लं चिकटलेली.

विषाणू हीच माशी पसरवते. रोगट झाडाचा रस अर्धा तास शोषला तरी विषाणू तिच्यात शिरतो. लक्षणं दिसायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात, म्हणजे लागण केव्हाच झाली होती. कात्रीनं किंवा हातानं हा विषाणू पसरत नाही. मोझॅक या दुसऱ्या रोगाचा विषाणू मात्र तसा पसरतो, म्हणून कात्री पुसायची सवय सोडू नका. झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. फवारणी होते ती माशीवर.

बुधवार
झाड काढलं. मन होत नव्हतं, खाली चार फळं धरली होती. उपटण्याआधी सकाळच्या गारव्यात अख्ख्या झाडावर पिशवी चढवली, नाहीतर माश्या थेट शेजारच्या कुंडीवर जातात. उरलेल्या झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे टांगले. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण, आणि फवारा पानांच्या खालून.

पुढचा आठवडा
पहिल्या झाडाची नवी पानं सपाट निघालीत. जुनी सुरळी उलगडलेली नाही, पण फळं नीट भरताहेत. सापळ्यांवर माश्या आहेत, पूर्वीपेक्षा कमी. तिसऱ्या झाडाच्या एका शेंड्याची कड किंचित पिवळी वाटते. पेरं अजून लांब आहेत, म्हणून ते ठेवलंय. रोज भिंग लावून बघतेय.